कापलेला प्रश्न

रत्नाताई,

तू गेलीस त्याला आज एकवीस दिवस झाले, आणि माझं तुझ्याशी भांडण अजून संपलेलं नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात. बोलेन, पण आधी भांडून घेते. शुक्रवारी फोनवर तू म्हणालीस, "रविवारी येऊन राहिलेय मी, तेव्हा बघते तुला," आणि शनिवारी सकाळी गच्चीवर बटाट्याचा कीस वाळत घालता घालता खाली बसलीस ती पुन्हा उठली नाहीस. हे तू बरं केलं नाहीस. परदेशीपुऱ्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई तू. घंटा झाली तरी फळ्यावरचं उदाहरण अर्धं टाकून वर्गातून निघायची नाहीस, असं तूच मोठ्या तोऱ्यात सांगायचीस.

आता हे उदाहरण मला एकटीलाच सोडवावं लागणार, म्हणून लिहायला बसले आहे.

आपली ओळख काही जुनी नव्हे, जेमतेम दोन वर्षांची. मी तेव्हा एका छोट्या माहितीपटाच्या मागे लागले होते. पन्नाशीच्या आगेमागे ज्यांनी घरच्यांना सांगून टाकलं, की मला पुरुष नाही, बाई आवडते, अशा इंदूरच्या तीन बायका मला हव्या होत्या. दोघी मिळाल्या, तिसरी काही मिळेना. आठ महिने फोन करत होते. कुणी "राँग नंबर" म्हणायचं, कुणी भेटायला बोलवायचं आणि दाराला कुलूप लावून निघून जायचं. त्यातच माझ्या माइकच्या केसाळ टोपीची शिवण उसवली. वाऱ्याची घरघर आत शिरू नये म्हणून ती माइकला घालतात. कुणीतरी सांगितलं, परदेशीपुऱ्यात हेमाजींचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे, त्या काहीही शिवून देतात. मी गेले तर मशीनवर हेमाजी, आणि शेजारच्या स्टुलावर शर्टांना बटणं लावत बसलेली तू.

"हे काय आहे? मांजर?" तू चष्म्यावरून बघत विचारलंस.

"माइकची टोपी आहे."

"अच्छा, पिक्चर बनवता? कशावर?"

"बायकांच्या प्रश्नांवर," मी नेहमीचं गुळमुळीत उत्तर दिलं.

"कोणत्या प्रश्नांवर? बायकांचे तर बहुत सारे प्रश्न असतात."

मग मी आवाज खाली आणून खरं काय ते सांगितलं. तू दातांनी दोरा तोडलास आणि मशीनच्या खडखडाटावरून ओरडलीस, "हेमा, सुन तो! अपने ऊपर पिक्चर बन री है."

हेमाजींनी मानसुद्धा वर केली नाही. "बनने दो. पहले ये बीस निकर निपटने दो."

मला इतकं हलकं वाटलं की टोपी तिथेच विसरून निघाले. तू मागून हाक मारलीस, "अहो मॅडम, तुमची मांजर!" तो दिवस आठवला की अजूनही हसू येतं. परवा एकटीच हसले आणि मग बराच वेळ रडले.

मुलाखतीआधीचं संमतीपत्र वाचून सही करायला तू आमच्या स्नेहलतागंजातल्या घरी आलीस, तेव्हा मी तुला अनघाची ओळख करून दिली. वरच्या खोलीतली भाडेकरू, फार्मसी कॉलेजात शिकवते, रविवारी मोकळी असते म्हणून माझ्या शूटिंगला माइकचा दांडा धरते. सगळ्यांना मी हेच सांगत आले होते. वरच्या खोलीला वेगळा जिना आहे, वेगळी घंटा आहे आणि आत एक पलंग आहे, चादर-पांघरुणासकट. त्या पलंगावर अठरा वर्षांत कुणी झोपलेलं नव्हतं. अनघा खाली, माझ्याबरोबर राहते. पलंग फक्त दाखवायचा होता.

तू कागद वाचत असताना अनघा आली, माझ्या तळहातावर ब्लडप्रेशरची गोळी ठेवली, पाण्याचा पेला दिला आणि मी गिळेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तू कागदावरून डोळे न काढता म्हणालीस, "चांगली आहे गं तुझी भाडेकरू. आमच्या इथं तर घरमालक मरून गेला तरी कोणी दारातून झाकून बघत नाही." मी विषय बदलला. तुला तेव्हाच कळलं होतं, हे मला आता कळतं.

मुलाखत दुकानामागे तुमच्या घरातल्या खोलीत झाली. मी कॅमेऱ्यामागे, अनघा दांडा धरून, कानांवर हेडफोन. मी पुस्तकातले जड शब्द वापरून काहीतरी विचारलं, तर तू हात झटकलास. "तो लेस्बियन शब्द नको गं. सर्दीच्या दवाईचं नाव वाटतं. सीधं विचार ना, रत्नाला हेमा आवडते का? हो, आवडते. बस."

मग तू माहेरची, महूची गोष्ट सांगितलीस. आजोबा पलटणीत, वडील पलटणीत, घर सगळं शिस्तीचं. नवरा लवकर गेलेला, मूल नाही, आणि सगळ्या घराला तुझ्याबद्दल आदर. चोपन्नाव्या वर्षी तू धाकट्या भावाला, विजयला सांगायचं ठरवलंस. मी विचारलं, ती वेळ कशी निवडलीस?

"मुद्दाम थांबले, तो कुलर खोलून बसेपर्यंत. माणसाच्या हातात काम असलं ना, तर त्याला तोंड लपवायला जागा राहते. रिकाम्या हाताने बसलेल्याला असं कधी सांगू नये. बिचारा बघणार कुठं?"

"मग विजय काय म्हणाला?"

"म्हणाला, पेचकस दे."

मला पेचकस कळेना. अनघा दांडा धरल्या धरल्या कुजबुजली, "स्क्रू-ड्रायव्हर."

"दिला मी. त्यानं गपचूप तीन स्क्रू कसले. मग तीन महिने माझ्याशी बोलला नाही. चौथ्या महिन्यात आला आणि हेमाच्या दुकानाचा पंखा दुरुस्त करून गेला. चहा पण प्यायला. झालं, इतकंच असतं ते."

इतकंच नसतं, हे तुलाही माहीत होतं. त्या तीन महिन्यांत तुझं किती वजन उतरलं ते हेमाजींनी मला नंतर सांगितलं. पण तू कॅमेऱ्यासमोर रडायचं नाही असं ठरवूनच बसली होतीस.

मी कॅमेरा बंद करायच्या बेतात होते, तेव्हा तू पुढे वाकलीस. "तासभर मलाच विचारून राहिलीस. आता मी विचारते. तू कोणाबरोबर राहतेस, वसुधा?"

तोपर्यंत मी तुझ्यासाठी मॅडम होते. वसुधा तू मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालीस. अनघा माझ्यापासून चार हातांवर उभी होती. हेडफोनमुळे तुझा प्रश्न तिच्या कानात माझ्यापेक्षा मोठ्याने पडला असणार. आणि माझं उत्तरही. मी म्हणाले, "आपण आता रूम टोन घेऊ. एक मिनिट कुणी बोलू नका."

रूम टोन म्हणजे त्याच खोलीची एक मिनिट शांतता. मुलाखत झाली की ती रेकॉर्ड करून ठेवतात. रिकामी खोलीसुद्धा अगदी गप्प नसते, कुठे पंखा असतो, कुठे रस्ता. नंतर कापाकापी करताना जोड दिसू नयेत म्हणून ती शांतता ठिगळासारखी लावायची. म्हणजे धंद्याच्या नियमाप्रमाणे मी काही वावगं केलं नव्हतं. पळून जायला इतका शास्त्रशुद्ध रस्ता फार कमी लोकांना मिळतो.

पुढचंही नियमानेच केलं. विचारणाऱ्याचा आवाज माहितीपटात ठेवायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. मी माझे सगळे प्रश्न काढून टाकले आणि त्याच कात्रीने तुझाही एक कापला.

माहितीपटाची कच्ची जोडणी बघायला तू आणि हेमाजी आमच्याकडे जेवायला आलात. बावीस मिनिटं संपली. हेमाजी डोळे पुसत होत्या, तू मात्र गणिताची वही तपासल्यासारखी बघत होतीस.

"सगळं छान आहे. माझा प्रश्न कुठाय?"

"तिथे कुकरची शिट्टी झाली होती," मी म्हणाले. "आवाज खराब झाला."

अनघा तुझ्या पानात आमटी वाढत होती. असली कुठलीही शिट्टी झाली नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? ती शांतपणे म्हणाली, "रत्नाताई, भात घ्या." तू तिच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "आमच्या घरात कुकर कधीपासून आला गं? हेमाला कुकरची भीती वाटते. ती तर पतेल्यात डाळ शिजवते."

"शेजारचा असेल मग," मी रेटून म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

त्यानंतरचे दोन महिने तू मला फोनवर सोडलं नाहीस. मी म्हणायचे, माहितीपट माझ्यावर नाही. तू म्हणायचीस, मग माझ्यावर तरी कशाला आहे, मी कोण लागून गेले? मी म्हणायचे, मी कॉलेजात शिकवते, पोरांचे आईबाप असतात, सांगलीला सत्तर वर्षांचा दादा आहे. तू म्हणायचीस, मी काय मग सर्कशीत होते? शाळेतच होते ना? एकदा मी चिडून म्हणाले, "कुणी कधी सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. ढकलून कुणाला सांगायला लावणं हीसुद्धा जबरदस्तीच आहे." हा मुद्दा मी अजूनही सोडलेला नाही, रत्नाताई. यात माझं काही चुकलेलं नाही. पण तू त्यावर वाद घातलाच नाहीस. शुक्रवारच्या त्या शेवटच्या फोनवर तू फक्त म्हणालीस, "बरोबर आहे तुझं. मला काय घाई नाही. पण ती बाई किती दिवस दांडा धरून उभी राहणार? हात दुखतात तिचे." आणि मग, रविवारी येऊन राहिलेय मी.

रविवारी आम्हीच तुमच्याकडे आलो. त्याविषयी मी लिहिणार नाही.

सातव्या दिवशी महूला विजयच्या अंगणात तुझं पुण्यानुमोदन झालं. पांढरा मंडप, तुझा फोटो, मेणबत्त्या. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग तुमच्या रिवाजाप्रमाणे एकेक माणूस उठून माइकवर तुझ्याविषयी दोन शब्द बोलू लागला. विजय हातात कागद घेऊन नावं पुकारत होता, आणि प्रत्येक नावाबरोबर नातं. शाळेतल्या सहकारी. मावसबहीण. शेजारी. पण या सगळ्यांच्या आधी, कागदावर पहिलं नाव हेमाजींचं होतं. विजयने घसा साफ केला आणि साऱ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ताईच्या जीवनसाथी, हेमाजी." मंडपात थोडी चुळबुळ झाली. एक म्हातारे काका उठून चपला शोधायला गेले. बाकीचे बसून राहिले. हेमाजी उभ्या राहिल्या आणि इतकंच म्हणाल्या, "बटन मैं आज भी टेढ़े ही लगाती हूँ. सीधे वो लगाती थी."

तू तिथे असायला हवी होतीस. पेचकस मागणारा तुझा भाऊ तिथे उभा होता.

मग तो माझ्याजवळ आला. "मॅडम, आता तुमचं नाव घेतो. आणि ह्या? ह्यांना पण बोलायचं असेल ना? ह्या तुमच्या कोण?"

अनघा माझ्या शेजारी बसली होती. तिची पर्स माझ्या मांडीवर होती. समोर तुझा फोटो होता, हेमाजी आत्ताच बोलून बसल्या होत्या, आणि त्या अंगणात माझ्या जगातलं एकही माणूस नव्हतं. सांगलीचा दादा नव्हता, कॉलेज नव्हतं. याहून सोपी जागा मला जन्मात मिळाली नसती. आणि मी म्हणाले, "भाडेकरू."

विजय सरळ माणूस. त्याने कागदावर लिहिलं आणि माइकवर जसंच्या तसं वाचलं, "वसुधा मॅडम, ज्यांनी ताईवर पिक्चर बनवली. आणि त्यांच्या भाडेकरू, अनघाजी."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. अनघा उठली, फोटोला हात जोडले आणि म्हणाली, "रत्नाताई प्रत्येक शूटिंगनंतर मला विचारायच्या, हात दुखला का? दुसरं कुणी कधी विचारलं नाही." आणि खाली बसून तिने माझ्या मांडीवरची पर्स उचलून घेतली.

महूहून घरी आल्यावर अनघाने तिची उशी घेतली, गोळ्यांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि वरच्या खोलीत गेली. मी जिन्याखाली उभी राहून विचारलं, "हे काय?"

"भाडेकरूने वरच राहावं," ती म्हणाली. आवाज चढलेलासुद्धा नव्हता.

दोन आठवडे ती वर राहिली. सकाळी दाराशी दुधाच्या दोन वेगळ्या पिशव्या पडायला लागल्या. दूधवाल्याने विचारलं, "पाहुणे आलेत का?" अठरा वर्षं ज्यांच्यासाठी तो पलंग मांडून ठेवला होता, त्या कॉलनीतल्या एकालाही काही फरक कळला नाही. आमच्यावर कुणी पाळत ठेवून नव्हतं. पहारा माझाच होता, आणि मी तो अगदी नेकीने केला.

परवा दुपारी मी तुझं सगळं चित्रण पुन्हा लावलं, न कापलेलं. तुझा आवाज ऐकायचा होता, एवढंच. तुझा प्रश्न आला. माझं ते रूम टोनचं उत्तर आलं. ते मिनिट मी कधीच बघितलं नव्हतं. शांततेत बघायचं काय, म्हणून फक्त आवाज उचलला होता. पण कॅमेरा चालूच राहिला होता. तू खुर्चीत बसली आहेस आणि लेन्सकडे न बघता तिच्या जरा वर, माझ्याकडे बघते आहेस. रागाने नाही. वर्गात हुशार मुलाला उत्तर येतंय पण तो हात वर करत नाही, तेव्हा बाई जशा थांबतात, तशी थांबली आहेस. आणि विसाव्या सेकंदाला चौकटीच्या वरच्या कडेने माइकची केसाळ टोपी दिसायला लागते. हळूहळू खाली येते. अनघाचा दांडा इतक्या वर्षांत कधी चौकटीत आला नव्हता. मिनिट संपता संपता ती टोपी तुझ्या कपाळापर्यंत आली आहे. तू नजर उचलून तिच्याकडे बघतेस, मग अनघाकडे, आणि तुझा चेहरा बदलतो. तेवढ्यात मी "कट" म्हणते.

मी ते मिनिट पाच वेळा बघितलं. मग एक गोष्ट लक्षात आली आणि मी डोक्याला हात लावला. तू तो प्रश्न आमच्या घरी विचारू शकली असतीस, जेवताना, चहा पिताना. तिथे विचारला नाहीस. माझ्या हातात कॅमेरा आणि तिच्या हातात दांडा येईपर्यंत थांबलीस. आम्हाला तोंड लपवायला जागा ठेवून मग विचारलंस. आणि मी तुझ्यावर जबरदस्तीचा आरोप करत होते. याबद्दल तुझी माफी मागायची राहून गेली, ती आता मागते.

काल सकाळी मी दोघींपुरता कुकर लावला आणि माइकचा दांडा घेऊन वर गेले. अनघा पेपर तपासत होती.

"एक मुलाखत राहिली आहे," मी म्हणाले.

"कुणाची?"

"माझी."

तिने लाल पेन खाली ठेवलं नाही. "भाडेकरूंकडून अशी कामं करून घेतात का?"

"नाही घेत. म्हणूनच बोलवायला आले."

तिने समोरचा पेपर तपासून संपवला. मग टोपण लावलं आणि माझ्या हातातून दांडा घेतला. खाली आल्यावर तिने सवयीने हेडफोन चढवले. मी कॅमेरा स्टँडवर लावला, बटण दाबलं आणि जाऊन खुर्चीत बसले. त्या खुर्चीत माणूस इतकं एकटं पडतं हे मला माहीत नव्हतं. तुला मी तिथे तासभर बसवलं होतं. लॅपटॉपवर तुझा आवाज लावला. तू कोणाबरोबर राहतेस, वसुधा?

"अनघाबरोबर," मी म्हणाले. "अठरा वर्षं झाली. ती भाडेकरू नाही. कधीच नव्हती. मी खोटं सांगत होते."

आणखी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं, सुचलं नाही. माहितीपट पुढच्या महिन्यात आमच्याच कॉलेजच्या सभागृहात, भंवरकुआंला दाखवायचा आहे. तुझा प्रश्न जागेवर परत बसवला आहे, त्याच्यामागचं ते मिनिट सबंध ठेवलं आहे, माइक चौकटीत आला त्यासकट, आणि मग माझं उत्तर. तोपर्यंत दादाला सांगायला हवं. तो रविवारी सकाळी फोन स्पीकरवर टाकून कुंड्यांत माती भरत असतो. त्या वेळी करेन. भीती वाटते आहे, ती काही गेलेली नाही.

काल मात्र मी खुर्चीतून उठायला लागले, तर अनघाने हात वर करून थांबवलं. डोळे भरलेले, दांडा सरळ, आवाज अगदी माझ्यासारखा काढून म्हणाली, "आता रूम टोन. एक मिनिट कुणी बोलू नका."

आम्ही गप्प बसलो. पंखा होता, बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे. चाळिसाव्या सेकंदाला आमच्या कुकरची शिट्टी झाली, चांगली लांबलचक. अनघा दचकून गॅसकडे निघाली, मी मानेनेच नको म्हटलं.

या वेळी ती खरीच झाली, रत्नाताई. मी कापलेली नाही.